गोठ्याची जागा आणि घराचा प्रश्न

नांदेड आणि लातूर ही दोन शहरे ज्या वेगाने पसरत आहेत, त्याच वेगाने त्यांच्या भोवतालची एक विशिष्ट प्रकारची जमीन नाहीशी होत आहे. ती म्हणजे जनावरांची जमीन. शिवेवरचे गायरान, सकाळी गुरे एकत्र जमत ते गोठाण, ग्रामपंचायतीचा कोंडवाडा, बंद पडलेल्या सरकारी दूध योजनांची आवारे, ओस पडलेल्या कुक्कुटपालनाच्या शेड आणि शेतकऱ्याच्या आखाड्यावरचे खासगी गोठे, या सर्वांवर आज घरबांधणीचा डोळा आहे. कोठे चुन्याने भूखंड आखले गेले आहेत, कोठे घरकुलांची यादी तयार आहे, तर कोठे गरजूंनी यादीची वाट न पाहता पत्र्याचे छप्पर उभे केले आहे. जनावरे उरली नाहीत, मग जागा रिकामी ठेवायची कशासाठी, असे विचारले जाते. प्रश्न सरळ असला तरी त्याचे उत्तर तितके सरळ नाही.

या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरे आपल्याकडे ऐकू येतात. पहिले उत्तर असे, की पशुधनाचा काळ सरला, जमीन पडून राहणे हा राष्ट्रीय अपव्यय आहे, तेव्हा जिचा अधिक मोबदला मिळेल अशा कामी ती लावावी. दुसरे उत्तर असे, की गायरानाच्या एका गुंठ्यालाही हात लावू नये. पहिल्या उत्तराच्या आडून बहुधा भूखंडांचा व्यापार बोलत असतो आणि दुसऱ्याच्या आडून भावना. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यांतील कोणतेही उत्तर पुरेसे वाटणार नाही. जमिनीचा वापर काळानुसार बदलतो, तो बदलू नये असे म्हणण्यात अर्थ नाही. परंतु वापर बदलला की जमिनीचे मूल्य बदलते, आणि ते वाढीव मूल्य कोणाच्या पदरात पडते, जुन्या वापरावर ज्यांचे पोट होते त्यांचे पुढे काय होते, याचा हिशेब ठेवल्याखेरीज झालेला बदल म्हणजे दुबळ्यांच्या मालमत्तेचे सबळांकडे झालेले मूक हस्तांतर होय. मराठवाड्यात आज प्रामुख्याने हेच घडत आहे.

दावण रिकामी का झाली?

हा प्रदेश मुळात पशुपालकांचा आहे. लाल कंधारी हे नाव ज्या कंधारवरून आले तो तालुका नांदेड जिल्ह्यात, आणि देवणी हे नाव ज्या देवणीवरून आले ती लातूर जिल्ह्यात. वान्नेरा, बाळंक्या आणि शेवरा हे देवणीचे रंगभेद जुना शेतकरी आजही दुरून ओळखतो. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आणि उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा बाजार ही नावे जनावरांच्या खरेदी-विक्रीमुळेच महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगणात परिचित झाली. अशा प्रदेशात गोठे ओस पडावेत, याची कारणे नीट समजून घेतली पाहिजेत.

पहिले कारण ट्रॅक्टर. बैलाचे काम यंत्राने घेतले, तेव्हा वर्षभर खाऊन चार महिने राबणारा बैल परवडेनासा झाला. दुसरे कारण पीकरचनेतील बदल, आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. लातूर ही आज सोयाबीनची मोठी बाजारपेठ आहे. सोयाबीनने शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा दिला. पण ज्वारी घरात धान्य आणि दावणीला कडबा अशी दोन्ही पोटे भरत असे. सोयाबीनचे भुसकट कडब्याची जागा घेऊ शकत नाही. ज्वारीचे क्षेत्र आटले तसा चारा विकत घ्यावा लागू लागला आणि चारा विकत घेणारा अल्पभूधारक जनावर फार काळ ठेवू शकत नाही. तिसरे कारण दुष्काळांची मालिका. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. माणसाला पाणी रेल्वेने आले, जनावराला कोठून येणार? चौथे कारण २०१५ चा कायदा. बैलाच्या कत्तलीवर त्या वर्षी बंदी आल्यावर भाकड जनावराला मिळणारी अखेरची किंमत जवळजवळ संपली आणि नवे जनावर घेण्याची उमेद त्या प्रमाणात घटली. त्या कायद्याच्या गुणदोषांची चर्चा येथे अभिप्रेत नाही. त्याचा परिणाम मात्र नोंदवला पाहिजे.

आकडे या कहाणीला दुजोरा देतात. २०१२ आणि २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान महाराष्ट्रातील गाय-बैलांची संख्या सुमारे १ कोटी ५५ लाखांवरून सुमारे १ कोटी ४० लाखांवर आली. देशभरात याच काळात देशी गोवंशात सुमारे सहा टक्के घट झाली. म्हणजे गोठे रिकामे होत आहेत हे खरे. तथापि रिकामा गोठा आणि रिकामी जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोठ्यातील गाय गेली तरी त्याच गावात शेळ्या असतात, आणि शेळी ही गरिबाची गाय समजली जाते. जिच्या नावावर एक गुंठाही नाही अशी मजूर स्त्री चार शेळ्यांवर मुलांच्या शाळेचा आणि औषधपाण्याचा खर्च भागवते. तिची शेळी चरते ती गायरानात, बांधावर आणि पडीत. सातबाऱ्यावर तिचे नाव नसल्यामुळे जमिनीचा वापर बदलताना तिला कोणी विचारत नाही.

तीन प्रकारच्या जागा

जनावरांच्या जागा असा सरसकट उल्लेख केल्यामुळे चर्चेत बराच घोळ होतो. वस्तुतः या जागा तीन प्रकारच्या आहेत आणि तिघींना एकच न्याय लावता येणार नाही.

पहिला प्रकार खासगी गोठ्याचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील शेतघराच्या व्याख्येतच जनावरांचा निवारा येतो. म्हणून शेतातील गोठ्याला बिनशेती परवानगी लागत नाही. त्याच गोठ्याच्या जागी राहण्याची घरे बांधून विकायची म्हटले की जमिनीचा वापर बदलतो. ही वाट सरकारने गेल्या दशकात बरीच रुंद केली. संहितेत २०१७ साली घातलेल्या कलम ४२-ड अन्वये गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरांच्या आतील जमिनीला निवासी वापराची सवलत मिळाली. आता गावात गोठे कोठे असतात? बहुधा गावठाणाच्या कडेलाच, याच २०० मीटरांच्या पट्ट्यात. म्हणजे कायद्याचा उद्देश गावठाणाची कोंडी फोडण्याचा असला, तरी त्याचा पहिला भार गोठ्यांच्या आणि खळ्यांच्या पट्ट्यावर पडला. शहरालगत तर गुंठेवारीचे राज्य आहे. २००१ चा गुंठेवारी कायदा जुन्या चुका निस्तरण्यासाठी झाला होता. पुढे त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवण्यात आली. नियमितीकरण आज ना उद्या होणारच, अशी खात्री वाटू लागली की नियम मोडणे हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो.

या व्यवहारातील नफ्याचे स्वरूप एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, शेती म्हणून एकरी १० लाख रुपये किमतीची जमीन बिनशेती झाली. ४० गुंठ्यांपैकी १२ गुंठे रस्त्यांना आणि मोकळ्या जागेला सोडले आणि उरलेले २८ गुंठे दोन लाख रुपयांप्रमाणे विकले, तर ५६ लाख रुपये येतात. रस्ते, गटारे, वीज यांचा खर्च वजा केला तरी जी वाढ उरते ती मालकाच्या श्रमातून किंवा भांडवलातून आलेली नसते. शहर वाढले, रस्ता झाला, महाविद्यालय आले, कागदावरचा एक शब्द बदलला, म्हणून ती आली. जॉन स्टुअर्ट मिल या अर्थशास्त्रज्ञाने अशा वाढीला अनर्जित वाढ मानले आणि तिच्यावर समाजाचा हक्क सांगितला. तो हक्क मान्य करणे म्हणजे मालकाला लुबाडणे नव्हे. वाढीचा काही भाग त्याच गावाच्या पाण्यासाठी, चाऱ्यासाठी आणि सांडपाण्यासाठी राखून ठेवणे इतकाच त्याचा अर्थ. आज परवानगी सुलभ होते आणि वाढ संपूर्णपणे खासगी राहते. नव्या वसाहतीची गटारे मात्र ग्रामपंचायतीच्या माथी येतात.

सार्वजनिक आवारे : आरेचा धडा

दुसरा प्रकार सार्वजनिक आवारांचा. सरकारी दूध योजना, शीतकरण केंद्रे, पैदास केंद्रे यांच्यासाठी एके काळी जमिनी दिल्या गेल्या. उदगीरचा सरकारी दूध भुकटी प्रकल्प हे मराठवाड्याच्या दुग्धव्यवसायाचे मोठे ठिकाण होते. तो बंद पडला, यंत्रे गंजली, आणि तो पुन्हा सुरू करावा ही मागणी उदगीरकर वर्षानुवर्षे करीत आले आहेत. अशा आवारांवर घरे बांधावीत ही सूचना अधूनमधून पुढे येते. तिचा विचार करताना मुंबईचा अनुभव उद्बोधक ठरेल.

शहरातील म्हशींचे तबेले हलवण्यासाठी १९४९ साली गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. सुमारे तीन हजार एकरांची ही वसाहत जनावरांसाठी होती. परंतु आजूबाजूला मुंबई वाढली तसतशी ती जमीन इतरांना मोकळी दिसू लागली. १९७७ मध्ये तिच्यातून चित्रनगरीला जागा मिळाली. पुढे इतर संस्था आल्या, झोपड्या आल्या, आणि २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात झाडे तोडली गेली तेव्हा सारा देश तिकडे पाहू लागला. त्या वादानंतरच आरेतील सुमारे ८०० एकरांना राखीव वनाचे संरक्षण मिळाले. २०२४ मध्ये कुर्ल्याच्या दुग्धशाळेची सुमारे २१ एकर जमीन धारावीच्या पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय सरकारने घेतला आणि तेथील रहिवाशांनी त्याला विरोध केला. या दोन्ही प्रकरणांतून एकच गोष्ट दिसते. सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेतील मूळ काम थांबले, की ती जागा कशासाठी होती याचा विसर पडतो आणि जो सर्वांत आधी व सर्वांत मोठ्याने मागेल त्याला ती मिळते. नवा वापर काय असावा याची उघड चर्चा होण्याआधीच निर्णय झालेला असतो.

उदगीर म्हणजे मुंबई नव्हे, तेथे जमिनीची किंमत तितकी नाही, असे कोणी म्हणेल. पण धोका त्यामुळे कमी होत नाही. विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात मराठवाड्यातील सर्व जिल्हे घेतले आहेत. दूधसंकलन पुन्हा उभे करायचे म्हटल्यावर शीतकरण केंद्रे, पशुवैद्यकीय दवाखाने आणि चाऱ्याची गुदामे यांना जागा लागणार. एका हाताने जुन्या आवारांचे भूखंड पाडायचे आणि दुसऱ्या हाताने नव्या केंद्रांसाठी शेतकऱ्यांची जमीन विकत घ्यायची, याला नियोजन म्हणता येणार नाही. ज्या आवारांचा पशुसंवर्धनासाठी खरोखरच उपयोग उरलेला नाही, तेथे घरे जरूर व्हावीत. परंतु ती जमीन विकू नये. सरकारच्या मालकीची ठेवून भाडेपट्ट्याने द्यावी, आणि घरे सफाई कामगार, हमाल, बांधकाम मजूर यांच्यासाठी असावीत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत नांदेड शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ३१ हजारांवरून साडेपाच लाखांवर आणि लातूरची सुमारे ३ लाखांवरून ३ लाख ८२ हजारांवर गेली. त्यानंतरच्या काळात शिक्षणासाठी आणि दुष्काळामुळे या शहरांकडे येणाऱ्यांचा ओघ थांबलेला नाही. यांतील कष्टकऱ्यांना बाजारातील भूखंड परवडत नाहीत. सार्वजनिक जमीनही बाजारभावाने विकली, तर त्यांच्यासाठी उरेल काय?

गायरानाचा गुंता

तिसरा प्रकार गायरानाचा, आणि तो सर्वांत बिकट आहे. महसूल संहितेच्या कलम २२ अन्वये गावच्या जनावरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. या जमिनीची मालकी शासनाची, देखभाल ग्रामपंचायतीची आणि उपभोग गावाचा. म्हणूनच ती सर्वांची आहे आणि म्हणूनच ती कोणाचीच नाही, अशी तिची अवस्था झाली.

मराठवाड्यात गायरानाला आणखी एक इतिहास आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी पडीक सरकारी जमिनींवरील दलितांचा हक्क पुढे आणला. येथील असंख्य दलित कुटुंबांनी गायरानातील दगडधोंडे वेचून जमीन कसायला घेतली. त्यासाठी गावकीचा रोष आणि प्रसंगी मारहाण सोसली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. प्रत्यक्षात अनेकांच्या हाती आजही पक्का कागद नाही. पुढे २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्याच निकालात भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेनुसार दिलेल्या पट्ट्यांचा, तसेच शाळा-दवाखान्यांसारख्या सार्वजनिक सोयींचा अपवाद मान्य केला आहे, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून हा विषय हाती घेतला, तेव्हा राज्यातील गायरानांवर सुमारे २ लाख २२ हजार अतिक्रमणे असल्याची माहिती समोर आली. नोटिसा निघाल्या, गावोगावी हवालदिल कुटुंबे तहसील कार्यालयाच्या दारात आली, राजकीय पक्ष जागे झाले आणि कारवाई थंडावली. प्रश्न जेथे होता तेथेच राहिला.

येथे एक भेद स्पष्टपणे केला पाहिजे. पिढीभर गायरान कसणारे किंवा तेथे झोपडी बांधून राहणारे भूमिहीन कुटुंब आणि गायरान बळकावून त्याचे तुकडे नोटरीच्या कागदावर विकणारा गावपुढारी या दोघांना अतिक्रमक या एकाच शब्दात बसवणे हा शब्दाचा आणि न्यायाचाही गैरवापर आहे. तिसरा एक अतिक्रमक तर क्वचितच मोजला जातो. तो म्हणजे खुद्द शासन. कार्यालये, वसतिगृहे आणि आता सौर कृषी वाहिनी योजनेतील सौर प्रकल्प यांना गायरानाची जमीन सहज दिली जाते, कारण ती फुकट असते आणि तिच्यासाठी भूसंपादनाची कटकट नसते. एखादी वस्तू फुकट मिळते तेव्हा तिची उधळपट्टी होते, हा अर्थशास्त्राचा अगदी प्राथमिक सिद्धांत आहे.

गायरानाला किंमत नाही असे समजणाऱ्यांनी दुष्काळाचा हिशेब मांडून पाहावा. २०१९ च्या दुष्काळात चारा छावण्यांतील मोठ्या जनावरामागे शासनाला दिवसाला १०० रुपयांपर्यंत अनुदान द्यावे लागले. एका गावची ३०० जनावरे तीन महिने छावणीत राहिली, तर हा खर्च २७ लाख रुपये होतो. आजची उजाड गायराने दुष्काळात चारा देत नाहीत हे मान्य. परंतु राखलेले कुरण आणि उजाड माळ यांत फरक आहे. पावसाळ्यात चराई बंद ठेवून गवत कापून साठवले, तर दुष्काळाच्या वर्षी त्या गंजीला छावणीच्या अनुदानाइतकेच मोल येते. शिवाय हा माळ पावसाचे पाणी जिरवतो आणि गावच्या विहिरी जिवंत ठेवतो. हे उत्पन्न कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, म्हणून ते नाहीच असे धरले जाते.

किल्लारीने शिकवलेले

गरिबाचे घर महत्त्वाचे की जनावर, असा पेच घालून या चर्चेला अनेकदा विराम दिला जातो. हा पेच खोटा आहे, आणि त्याचा पुरावा लातूर जिल्ह्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात जवळजवळ आठ हजार माणसे दगावली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. कुटुंबाच्या जमीनधारणेप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. घरे मजबूत होती, रस्ते रुंद आणि सरळ होते. परंतु आखणी शहरी डोळ्यांनी झाली होती. जुन्या वाड्यात दावण, कडब्याची बुचाड आणि औजारे यांना जी जागा होती, ती नव्या आराखड्यात पुरेशी राहिली नाही. लोकांनी पुढे घरापुढे, रस्त्याच्या कडेला, मोकळ्या जागेत आपापल्या हाताने पत्र्याचे गोठे उभारले. सर्वांत लहान घर भूमिहीनाला आणि अत्यल्पभूधारकाला मिळाले. आणि शेळी-गाईवाचून ज्याचे चालत नाही तोही बहुधा हाच. घर आणि गोठा हे एकाच कुटुंबाच्या गरजेचे दोन भाग आहेत, आणि एक देऊन दुसरा काढून घेतला की कुटुंब गरीबच होते, हा किल्लारीचा धडा आहे. आजच्या घरकुल योजनांत तो कोठे दिसत नाही.

जमिनीखाली काय आहे?

आणखी एका गोष्टीकडे आरोग्याच्या दृष्टीने पाहावे लागेल. जेथे वर्षानुवर्षे जनावरे बांधली गेली, तेथील माती ही साधी माती राहत नाही. शेणमूत्र झिरपून उकिरड्याजवळच्या विहिरींत नायट्रेट वाढते आणि ते पाणी तान्ह्या मुलांना विशेष घातक असते. गोचिडांसाठी वापरलेली जुनी कीटकनाशके मातीत रेंगाळतात. काळपुळी ऊर्फ फाशी या रोगाने मेलेली जनावरे जेथे पुरली गेली, तेथे त्या रोगाचे बीजाणू कित्येक दशके जिवंत राहू शकतात. पाया खणताना ते वर येण्याचा धोका असतो. त्यात आपल्याकडील काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शेणखताने भुसभुशीत झालेल्या भरावावर उथळ पाया घातला, तर दोन पावसाळ्यांत भिंतींना तडे जातात. मोठ्या पैदास केंद्रांच्या, जनावरांच्या बाजारांच्या आणि कोंडवाड्यांच्या जागांवर घरे मंजूर करण्यापूर्वी माती व पाणी यांची तपासणी आणि पशुवैद्यकीय नोंदींची पाहणी सक्तीची असली पाहिजे. हा खर्च घराच्या किमतीच्या मानाने नगण्य आहे.

इतरांनी काय केले?

रिकाम्या गोठ्यांचा प्रश्न केवळ आपलाच नाही. इंग्लंडमध्ये २०१४ पासून शेतावरील जुन्या इमारतींचे राहत्या घरांत रूपांतर करण्यास ठरावीक मर्यादेत संपूर्ण नियोजन परवानगी लागत नाही. नेदरलँड्सने अधिक विचारपूर्वक मार्ग काढला. १९९७ मधील डुकरांच्या रोगाची भीषण साथ आणि शेणखताच्या अतिरेकाने दूषित झालेली माती यांतून तेथे २००० साली ‘जागेसाठी जागा’ अशा अर्थाच्या नावाची योजना आली. ज्या शेतकऱ्याने पशुपालन सोडले, शेड पाडल्या आणि शेणखताविषयीचे आपले हक्क परत केले, त्याला त्या बदल्यात घर बांधण्याचा अधिकार मिळाला. साधारणपणे एक हजार चौरस मीटर शेड पाडल्यास एका घराचा भूखंड. ती योजना गरिबांच्या घरांसाठी नव्हती आणि आपली परिस्थितीही निराळी आहे. परंतु तिच्यामागचे तत्त्व घेण्यासारखे आहे. बांधकामाचा हक्क फुकट वाटायचा नाही. त्याच्या बदल्यात समाजाला मोजता येईल असे काही मिळाले पाहिजे. सौदा उघड आणि नियम सर्वांना सारखे.

करावे काय?

या विवेचनातून काही निश्चित सूचना निघतात. पहिली, प्रत्येक तालुक्यात जनावरांसाठी राखलेल्या वा वापरलेल्या सार्वजनिक जमिनींची नोंदवही तयार करून ती ग्रामसभेपुढे आणि नगरपालिकेत खुली ठेवावी. कोणती जागा किती, आज कोणाकडे आणि कोणत्या आदेशाने, हे लोकांना कळले की निम्मा गैरव्यवहार आपोआप थांबेल. दुसरी, खासगी गोठ्याच्या जागी स्वतःच्या कुटुंबापुरते घर बांधणाऱ्याला कसलीही आडकाठी नसावी. परंतु भूखंड पाडून विकणाऱ्याकडून वाढीव मूल्याचा ठरावीक हिस्सा घ्यावा आणि तो जिल्ह्याच्या तिजोरीत न जिरवता त्याच गावच्या चारा व पाणी निधीत जमा करावा. तिसरी, बंद पडलेल्या सरकारी आवारांपैकी पशुसंवर्धनाला लागणारा भाग आधी बाजूला काढावा आणि उरलेल्यावर भाडेपट्ट्याची श्रमिक घरे बांधावीत.

चौथी सूचना गायरानाविषयी. जे भूमिहीन तेथे दीर्घकाळ राहत किंवा कसत आहेत, त्यांना पती-पत्नींच्या संयुक्त नावे पक्का हक्क द्यावा आणि हा विषय कायमचा मिटवावा. त्यानंतर उरलेले गायरान मोजून, खुणा रोवून कुरण म्हणून राखावे, आणि त्यातील एक एकरही शासनाला स्वतःच्या प्रकल्पासाठी हवा असेल, तर त्याच गावात तितकीच जमीन विकत घेऊन देण्याची अट असावी. फुकटची जमीन महाग झाली की शासनालाही पर्यायी जागा दिसू लागतील. पाचवी, यापुढील प्रत्येक ग्रामीण घरकुल वसाहतीच्या आराखड्यात कडेला सामाईक गोठे, चाऱ्याची जागा आणि पाण्याचा हौद यांसाठी भाग राखलेला असावा. घराला शौचालय हवे हे आता सर्वांनी मान्य केले आहे; शेळीला आडोसा हवा हे मान्य करायला आणखी किती वर्षे लागणार?

या सूचनांना खर्च येईल, वेळ लागेल, हे उघड आहे. त्या अमलात आणणारी यंत्रणा तीच तलाठ्याची आणि तहसीलदाराची आहे, तिच्यावर भार आधीच पुष्कळ आहे, हेही खरे. परंतु पर्याय काय आहे? काहीच न करणे हाही एक निर्णयच असतो, आणि त्याचे परिणाम आपण पाहतच आहोत. बळवान माणूस आयत्या बिळावर नागोबा होऊन बसतो, दुबळा नोटिशीच्या भीतीखाली राहतो, आणि गावची सामाईक संपत्ती एक-एक गुंठा करून संपते. १९९३ मध्ये गावे नव्याने वसवताना आपल्याला विचाराला सवड नव्हती. आपत्ती दारात उभी होती. आज तशी आपत्ती नाही. नांदेड आणि लातूर यांच्या भोवतालचे अखेरचे माळ मोजून त्यांचा विनियोग शांत डोक्याने ठरवण्याइतका अवधी अजून हाती आहे. तो फार नाही. जिल्हा परिषदांनी आणि दोन्ही महानगरपालिकांनी जमिनींची नोंदवही तयार करण्याचे काम येत्या आर्थिक वर्षातच हाती घ्यावे. एकदा भूखंडांवर भिंती उभ्या राहिल्या की उरतो तो केवळ नियमितीकरणाचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर आपल्याकडे नेहमी एकच असते.